कॉर्न स्नेकचा उपास

मुलगी कॉलेजच्या डॉर्ममध्ये राहायला गेली आणि जाताना साप आमच्या गळ्यात घालून गेली. शंकराला शोभतं ते, परदेशात पार्सिपनीला राहणाऱ्या आयटीवाल्यांना नाही. डॉर्ममध्ये साप चालत नाही, असं तिनं सांगितलं. आईवडिलांच्या घरी चालतो, हे तिनं परस्पर ठरवून टाकलं होतं.

साप कसला, बुटाच्या नाडीएवढं पिल्लू. अंग नारिंगी आणि त्यावर तांबडे ठिपके. जातीचं नाव कॉर्न स्नेक. नावात मका आहे म्हटल्यावर माझ्या शाकाहारी मनाला जरा आशा वाटली होती, पण हे खातं उंदरांची पिल्लं. तीही फ्रीझरमधली, कोमट पाण्यात गरम करून, चिमट्यात धरून भरवायची. नवऱ्यानं जाहीर केलं की या प्रकरणाशी त्याचा काही एक संबंध नाही. तसा त्याचा घरातल्या कुठल्याच स्वयंपाकाशी नव्हता.

मुलीच्या हातून आनंदानं खाणाऱ्या या पिल्लानं माझ्या हातचं मात्र तोंडालाही लावलं नाही. उंदीर पुढे धरला की ते जीभ बाहेर काढायचं, हवेत दोनदा फिरवायचं आणि मान वळवून काचेच्या टाकीतल्या आपल्या लाकडी खोपटात निघून जायचं. सासरी पहिल्यांदा भाजी केली होती तेव्हा नणंदेनं अशीच मान वळवली होती.

मी काही लगेच हार मानणारी नव्हते. आमच्याकडे पंगतीत नको म्हणणाऱ्याच्याच पानात दोन जिलब्या जास्त पडतात. पान हातानं झाकलं तर बोटांच्या फटीतून वाढतात. त्यामुळे सापाचं नको म्हणणंही मी मनावर घेतलं नाही. खोपटाच्या दारात उंदीर नाचवला. हा घास काऊचा झाला, चिऊचा झाला. मला वाटतं, त्या खोपटाला मागचं दार असतं तर साप तिथून पळून गेला असता.

मुलगी गेल्यावर सुरुवातीला तिचा फोन फक्त रविवारी यायचा. "हाय आई, ऑल गुड, बाय." मध्ये मी एखादा प्रश्न घुसवला तर त्याला उत्तर म्हणून पुन्हा ऑल गुड. पण साप जेवत नाही हे कळल्यावर रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल सुरू झाला. मी फोन साखरेच्या बरणीला टेकवून ठेवायचे. टाकीचं तापमान किती, पाणी बदललं का, सगळी चौकशी व्हायची. आणि सापाचं झालं की हळूहळू तिचं स्वतःचं बाहेर पडायचं. रूममेट घोरते. केमिस्ट्रीचा पेपर वाईट गेला. कॅफेटेरियातल्या वरणाला कुणी फोडणीच देत नाही. मी त्या वेळेची दुपारपासून वाट बघायचे. ऑफिसची मीटिंग लांबली तर चक्क खोटं डोकं दुखवून घ्यायचे.

"आई, यू आर हव्हरिंग," ती एकदा म्हणाली. "त्याच्या डोक्यावर उभी राहू नकोस. त्याला स्ट्रेस येतो."

"जेवताना माणूस जवळ नको का?"

"ही इज अ स्नेक, आई."

मग तिनं तोडगाही सांगितला. पिल्लू असंच उपाशी राहिलं तर पिस्कॅटवेला तिची एक मैत्रीण आहे, ती येऊन घेऊन जाईल. तिच्याकडे खूप साप आहेत, तिला सगळं येतं. मी अगं बघू, बघू म्हणत विषय टाळला. सापाच्या जिवाची काळजी मला होतीच, नाही असं नाही. पण साप गेला की त्याच्या पाठोपाठ माझी संध्याकाळही पिस्कॅटवेला जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

पुढच्या खेपेला मी नेहमीसारखा कोमट पाण्यात उंदीर सोडून ओट्याशी उभी होते. नवरा आत आला, थांबला आणि दोनदा वास घेतला.

"आज आमटी केलीस का?"

मी आमटी केली नव्हती. कुकरसुद्धा लावला नव्हता. तो वास हुंगत हुंगत ओट्यापर्यंत आला, भांड्यात वाकून बघितलं आणि जे दिसलं त्यानं दोन पावलं मागे सरला. वास उंदराला येत होता.

झालं होतं असं. मुलीनं उंदीर पारदर्शक पिशवीत ठेवले होते. मटार काढायला फ्रीझर उघडला की ते माझ्याकडे बघायचे. म्हणून ती गेली त्याच दिवशी मी ते सगळे श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरले. आता श्रीखंडाचा डबा आपल्याकडे रिकामा म्हणून कधी टाकतात का? त्यात आधी वर्षभर बहिणीनं पाठवलेला गोडा मसाला होता. डिशवॉशरमधून कितीदा काढला तरी त्या प्लॅस्टिकनं मसाला सोडलेला नव्हता. आणि सापाचं सगळं जेवण वासावर. त्या बिचाऱ्याला मी इतके दिवस दगडफूल आणि नागकेशर लावून उंदीर वाढत होते.

मुलीला सांगितलं तर ती फोनवर हसून हसून लोळायचीच बाकी राहिली. "यू मॅरिनेटेड देम?" तिनं रूममेटला हाक मारून तिलाही सांगितलं.

काही एक संबंध नसलेला नवरा स्वतः ड्राइव्ह करून पेट स्टोअरमधून नवे उंदीर घेऊन आला. मी एक गरम करून टाकीत ठेवला, मुलीनं सांगितल्याप्रमाणे वरून टॉवेल टाकला आणि आम्ही दोघं पाठ करून हॉलमध्ये बसलो. थोड्या वेळानं बघितलं तर उंदराची फक्त शेपटी बाहेर होती. नवऱ्यानं सापाला शाब्बास म्हटलेलं मी ऐकलं. मी लगेच मुलीला फोटो पाठवला. "ओ माय गॉड! यू गाइज आर द बेस्ट," तिचं उत्तर आलं.

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी फोन बरणीला टेकवून ठेवला होता, तो परत उचलला. नवरा त्या वेळेला उगाचच दोनदा स्वयंपाकघरात येऊन पाणी पिऊन गेला. मला अतिशय वाईट वाटलं, आणि पोटभर जेवून निवांत पडलेल्या त्या सापाचा रागही आला.

रविवारी दुपारी सापाला पुन्हा जेवायला दिलं. त्यानं जीभसुद्धा न फिरवता उंदीर गिळला. नाडीला मध्येच गाठ मारल्यासारखा दिसत होता. तेवढ्यात फोन वाजला.

"हाय आई, ऑल गुड. तो खातोय ना? ओके, बा..."

नवऱ्यानं माझ्या हातातून फोन काढून घेतला. एरवी तो तिच्याशी माझ्या मागून, मान उंच करून बोलतो.

"नाही गं. आज परत तोंड फिरवलं बघ."

"रिअली? बट व्हाय? शो मी."

"टॉवेल टाकलाय वरून. बघायचं नाही, तूच म्हणाली होतीस ना?"

मग ती म्हणाली, "ओके बाबा. डोन्ट वरी. मी उद्या संध्याकाळी कॉल करते."

फोन बंद करून त्यानं तो स्वतःच साखरेच्या बरणीला टेकवून ठेवला.

"न खाता साप जास्तीत जास्त किती दिवस काढू शकतो?" त्यानं मला विचारलं. "जरा बघून ठेव."