खिडकीचा नंबर

धायरीत ज्यांची मुलं गेल्या वीसेक वर्षांत शाळेत गेली, त्यांना शैला ओव्हाळ हे नाव कदाचित आठवणार नाही. ‘व्हॅनवाल्या काकू’ म्हटलं की लगेच आठवेल. काकूंची पिवळी गाडी दारात आली आणि पोरगं अजून बूट शोधत असलं, तरी काकू हॉर्न वाजवत नसत. त्या खाली उतरत, दारापर्यंत येत आणि त्याच्या आईला शांतपणे विचारत, “आज शाळा आहे ना?” दुसऱ्या दिवसापासून पोरगं गेटवर उभं असे.

अशा बाईशी तिच्या स्वतःच्या घरचे लोक कसे वागले, ते सांगतानासुद्धा डोकं तापतं.

शैलाताईंचे यजमान संजयराव खडकीच्या कारखान्यात नोकरीला होते. क्वार्टर सोडून धायरीत फ्लॅट घेतला आणि एका पगारात घर चालेना, तेव्हा शैलाताईंनी ड्रायव्हिंग शिकायचं काढलं. सगळे हसले. संजयरावही हसले. पुढे त्याच गाडीच्या जिवावर मुलगा प्रज्ञेश इंजिनिअर होऊन हिंजवडीला लागला, तेव्हा ते हसणं कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. शैलाताईंच्या मात्र राहिलं होतं. त्या विसरणाऱ्यातल्या नाहीत.

शाळेच्या गाडीत पोरांची भांडणं व्हायची ती एकाच गोष्टीवरून, खिडकी कुणाची. शैलाताईंनी नंबर लावून दिले. आज याचा, उद्या त्याचा, आणि वशिला कुणाचाच नाही, अगदी सोसायटीच्या चेअरमनच्या नातवाचासुद्धा नाही. नियमाला अपवाद एकच होता. ज्याला मळमळेल त्याला नंबर नसताना खिडकी मिळायची. “बाहेर बघ,” त्या सांगायच्या, “लांबचं काहीतरी बघ, बरं वाटेल.” आणि वाटायचंही. एकदा श्रद्धा नावाच्या एका चिमुरडीने विचारलं, “काकू, तुमचा नंबर कधी?” शैलाताई म्हणाल्या, “गाडी म्हातारी झाली की.”

पोरांना ती गंमत वाटली. पण त्या मनापासून बोलल्या होत्या. गाडी चालवणाऱ्याला दिसतं काय? पुढच्या टेम्पोचं ढुंगण, मध्येच आडवा घुसणारा दुचाकीवाला आणि आरशात मागची पोरं. सकाळच्या फेरीला सिंहगड रोज समोर असायचा. पोरं ओरडायची, “काकू, बघा, आज गडावर ढग!” आणि काकू म्हणायच्या, “बघितला रे.” कुठला बघितला? त्यांची नजर रस्त्यावरच असायची.

गाडीचं शाळेसाठीचं वय भरलं तेव्हा शैलाताईंनी ती भंगारात दिली नाही. सीट काढायच्या, आत दोन बाकं टाकायची, छोटा ओटा करायचा आणि फिरायला निघायचं, असं त्यांनी ठरवलं. पहिली सहल सांचीची. त्यांच्या माहेरी, बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी सांचीच्या स्तूपाचं आणि त्याच्या कोरीव तोरणाचं एक चित्र होतं. कोपरे पिवळे पडलेलं ते चित्र बघत त्या लहानाच्या मोठ्या झाल्या. आता ते तोरण प्रत्यक्ष बघायचं, आणि तिथवरचा सगळा रस्ता खिडकीत बसून बघायचा. गाडी प्रज्ञेश चालवणार होता. तसा त्याने शब्द दिला होता.

“मला फक्त खिडकी हवी,” त्या घरात म्हणाल्या. “बाकी तुम्ही ठरवा.”

हे शेवटचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. बाप-लेकांनी तेवढंच ऐकलं.

खिडकी आधी झालीही, तीही मनासारखी. शाळेच्या गाडीला असतात ते गज काढले, डाव्या अंगाला एक सलग मोठी काच बसली आणि काचेला लागून एक खुर्ची. गाडी अजून नऱ्ह्याच्या गॅरेजच्या शेडमध्येच उभी होती, तरी शैलाताई एका संध्याकाळी तिथे जाऊन त्या खुर्चीत बसून आल्या. बाहेर दिसत होता दुसऱ्या एका गाडीचा पंक्चर टायर. त्यांना तो टायरसुद्धा आवडला.

मग पियुष आला. गाड्यांना टेप, टीव्ही, लाइटा बसवणाऱ्या या तरुणाचा नंबर प्रज्ञेशला ऑफिसात कुणीतरी दिला होता. प्रज्ञेश आणि संजयराव रोज संध्याकाळी त्याच्याकडे जाऊन बसू लागले. घरी जेवताना बोलणं एकच. स्क्रीन केवढा, स्पीकर किती, इन्व्हर्टर कुठे, वेगळी बॅटरी कुठली. ज्या संजयरावांना घरातला बल्ब बदलायला आठवडा लागतो, ते “सराउंड” हा शब्द दिवसातून दहा वेळा उच्चारू लागले. शैलाताईंनी एकदा विचारलं, “गाडीत टीव्ही कशाला?” तर प्रज्ञेश म्हणाला, “आई, लाँग ड्राइव्हला लोक बोअर होतात गं.”

“बाहेर सातपुडा असताना?”

“तू बघच. सरप्राइज आहे.”

सरप्राइज खरंच होतं. एका रविवारी गाडी पार्किंगमध्ये आली, मागचं दार उघडलं आणि शैलाताईंनी आत पाहिलं. जिथे काच होती तिथे काळा स्क्रीन होता. खुर्ची नव्हती. उरलेल्या खिडक्यांना काळी फिल्म मारलेली. आत भरदुपारी अंधार.

“खिडकी कुठे गेली?” त्यांनी विचारलं.

“काकू, टीव्हीला सपाट भिंत लागते,” पियुष उत्साहाने म्हणाला. “गाडीत दुसरी भिंतच नव्हती. आणि खुर्ची मध्ये येत होती.”

“आणि हे काळं?”

“उजेड आला की पिक्चर फिकट दिसतं ना.”

संजयराव रिमोट हातात घेऊन उभे होते. बायकोचा चेहरा बघून त्यांनी घाईघाईने सांगितलं, “अगं, तुझी सोय केलीय. पुढे, ड्रायव्हरच्या डोक्यावर एक स्पीकर खास तुझ्यासाठी लावून घेतला. तुला सगळं ऐकू येईल.”

“ड्रायव्हरच्या? गाडी प्रज्ञेश चालवणार होता.”

प्रज्ञेशने मोबाइलमध्ये बघितलं. त्याने दोनदा सराव केला होता. दुसऱ्यांदा नवले पुलाच्या चढावर गाडी बंद पडली, मागच्यांनी हॉर्नचा गोंगाट केला आणि तेव्हाच त्याने मनातल्या मनात गाडी आईच्या हवाली करून टाकली. “आई, तुझा हात बसलाय,” तो म्हणाला. “तुझ्यासारखं कुणाला जमणार?”

घरातल्या बाईला कामाला जुंपायचं असलं की आधी तिचं कौतुक करायचं, ही रीत सगळीकडे सारखीच. शैलाताई एवढंच म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही मागे सिनेमा बघणार, आणि मी तुम्हाला सिनेमा बघायला सांचीपर्यंत नेणार.”

“असं काय बोलतेस,” संजयराव म्हणाले. त्यांना उत्तर सुचत नसलं की ते हेच म्हणतात.

तरीही त्या ट्रायलला निघाल्या. सवय, दुसरं काय? कात्रजचा जुना घाट चढून माथ्यापर्यंत जायचं आणि परत यायचं, असं ठरलं होतं. पाऊस नुकताच सरला होता. डाव्या हाताचा अख्खा उतार सोनकीच्या फुलांनी पिवळा झाला होता. शैलाताईंनी गाडी हळू केली आणि मागे ओरडून सांगितलं, “अहो, बघा जरा डावीकडे. प्रज्ञेश, बघ.”

“एक मिनिट, आई. क्लायमॅक्स चाललाय.”

डोक्यावरच्या त्या खास स्पीकरमधून बंदुका सुटत होत्या. शैलाताईंनी आरशात पाहिलं. याच आरशात त्यांनी वर्षानुवर्षं पोरांचे चेहरे पाहिले होते, सगळे बाहेर वळलेले, काचेला नाक लावलेले. आता दोन मोठी माणसं अंधारात निळी होऊन बसली होती. डावीकडे बघायला मुळात डावी बाजूच राहिली नव्हती.

पुढच्या दोन वळणांनंतर प्रज्ञेशचा आवाज आला. “आई, जरा नीट चालव ना. वळणं झटक्यात घेतेस. मळमळतंय.”

“मलाही,” संजयराव म्हणाले. “बहुतेक क्लचमुळे.”

इतकी वर्षं शैलाताईंच्या गाडीत एका पोराला साधं खरचटलं नव्हतं. पालक त्यांच्या भरवशावर डोळे मिटून मुलं सोडत. आणि अंधाऱ्या डब्यात हलता स्क्रीन बघत बसलेले हे दोघे त्यांना वळण कसं घ्यायचं ते शिकवत होते. शैलाताईंच्या ओठांवर सवयीने शब्द आले, बाहेर बघ, लांबचं काहीतरी बघ. त्यांनी ते गिळले. बाहेर बघायला यांनी जागा ठेवली होती कुठे?

माथ्यावर त्यांनी गाडी लावली. बाप-लेक उतरून कठड्याशी वाकले. शैलाताई त्यांना पाण्याची बाटली देऊन गाडीत परत येऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी त्या संजयरावांना घेऊन पियुषकडे गेल्या. “स्क्रीन काढ. काच परत लाव.”

पियुषने डोकं खाजवलं. “काकू, काच गेली. काढताना तडकली. आणि आता आतून पत्रा मारून वेल्डिंग केलंय.” मग त्याचा चेहरा एकदम उजळला. “पण एक करता येईल. बाहेरच्या बाजूला कॅमेरा लावू. बाहेरचं सगळं स्क्रीनवर दिसेल. एकदम क्लिअर, खिडकीपेक्षा मोठं.”

“बघ,” संजयराव आनंदाने म्हणाले, “निघाला की नाही मार्ग?”

शैलाताईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. पोरगा बिचारा मनापासून सांगत होता, त्याच्यावर काय चिडायचं. पण ज्या माणसाबरोबर उभा संसार केला, त्यालाही कळू नये?

“सिनेमा चालू असताना कॅमेरा बंद ठेवावा लागेल का?” त्यांनी विचारलं.

“हो, म्हणजे, एका वेळी एकच दिसणार,” पियुष म्हणाला.

“वाटलंच.”

त्या रात्री जेवताना त्यांनी जाहीर केलं, “मी सांचीला चाललेय. रेल्वेने. एकटी.” बाप-लेकांना वाटलं, राग आहे, उतरेल. “दारात गाडी असताना रेल्वेने?” संजयराव हसले. पूर्वी हसले होते तसेच. शैलाताईंनी ताटातली भाकरी संपवली आणि उठल्या.

इकडे गाडीला पार्किंगमध्ये बरे दिवस आले. शेजारचे लोक मॅच बघायला येऊन बसत, चप्पल बाहेर काढून. गाडी कुठेच जात नव्हती, पण तिच्यासारखी गाडी अख्ख्या धायरीत नाही, असं सगळ्यांचं मत पडलं. एकदोनदा वरच्या मजल्याकडे बघत कुणीतरी “वहिनी, चहा!” अशी हाकही दिली. वहिनींनी गॅलरीचं दार लावून घेतलं.

ठरल्या दिवशी शैलाताई पुणे स्टेशनवर डब्यात चढल्या. त्यांच्या जागेवर, खिडकीशी, एक गृहस्थ ऐसपैस बसून मोबाइलवर काहीतरी बघत होते.

“ही जागा माझी आहे,” शैलाताई म्हणाल्या.

“अहो, बसा की इकडे. काय फरक पडतो?”

“पडतो. आपण मोबाइलच बघताय, तो तिकडेही दिसेल.”

गृहस्थ उठले. शैलाताई खिडकीत बसल्या. गाडी हलली. हडपसर मागे पडलं, लोणी मागे पडलं आणि दोन्हीकडे ऊस लागला. बैल नाही, बंधारा नाही, नावाजण्यासारखं काहीच नाही, नुसता ऊस आणि मधूनच एखादं घर. शैलाताई कपाळ गजांना टेकवून बघत राहिल्या. ब्रेक कुणी मारायचा, वळण कुणी घ्यायचं, हे त्यांच्याकडे नव्हतं.

दौंडच्या अलीकडे फोन वाजला. संजयरावांच्या आवाजामागे बरीच माणसं एकदम बोलत होती.

“अगं, किल्ली कुठे ठेवलीस? बॅटरी उतरली, टीव्ही बंद पडला. पियुष म्हणतो, इंजिन चालू केल्याशिवाय चार्ज होणार नाही. शेवटच्या ओव्हर्स चालल्यात, सगळे खोळंबलेत.”

“किल्ली माझ्याकडे आहे.”

“आणि दुसरी?”

“तीही.”

मग संजयराव हळूच म्हणाले, “म्हणजे तू खरंच गेलीस?”

हे विचारायला त्यांना बॅटरी उतरावी लागली. सकाळी त्यांच्याच समोरून त्या बॅग घेऊन बाहेर पडल्या होत्या.

“हो,” शैलाताई म्हणाल्या. “आत्ता माझा नंबर आहे. नंतर बोला.”

त्यांनी फोन बंद करून पर्समध्ये टाकला, दोन्ही किल्ल्यांच्या शेजारी, आणि बाहेर बघायला लागल्या. ऊस संपून आता ज्वारी लागली होती.