बाल्कनीतली बाळंतीण

माझे छंद ऐकून लोक मला सालस समजतात. मी क्रोशा विणते. डोंबिवलीचा उन्हाळा दर वर्षी चढत चाललाय म्हणून माझा जीव खालीवर होतो आणि पाइपानं गाड्या धुणाऱ्या शेजाऱ्यांशी भांडते. रात्री जेवताना कोरियन मालिका बघते, त्यात मात्र दर भागात कुणाचा तरी गळा चिरलेला लागतो. आई विचारायची, असलं बघून तुला झोप तरी कशी लागते. छान लागते.

त्या उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी मी बाल्कनीत पाणी ठेवलं. मला हवे होते बुलबुल नि शिंजीर, आली कबुतरं. कबुतराइतका निर्लज्ज पक्षी मी पाहिलेला नाही. एका जोडप्यानं तर माझ्या उरल्यासुरल्या लोकरीच्या टोपलीतच अंडी घातली. मी टोपली उचलायला गेले तर आईनं हात धरला. बाळंतिणीला घराबाहेर काढत नाहीत, म्हणाली. उभा जन्म खेडजवळच्या गावात काढलेली बाई ती, तिच्यापुढे माझं काय चालणार. रोज टोपलीजवळ बसून ती मूठभर तांदूळ टाकायची आणि त्या मादीशी गप्पा मारायची.

मग तिला खोकला लागला. आधी आम्ही धुळीला दोष दिला, मग हवेला. पुढे पुढे बाथरूममधून स्वयंपाकघरात येईपर्यंत तिला धाप लागायची, ओठ निळे दिसायचे. ठाण्यातल्या छातीच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, घरात कबुतरं आहेत का. विष्ठेची आणि पिसांची धूळ आईच्या फुप्फुसांत गेली होती. आणखी गेली तर ती कडक होत जातील, मग औषधांचा उपयोग नाही. कबुतरं आजच्या आज घालवा, म्हणाले.

घरी येऊन बघते तर अंडी फुटून पिल्लं बाहेर आलेली. "उडतील गं ती," आई म्हणाली, थांबली, श्वास घेतला, "थोड्या दिवसांत." पुन्हा थांबली. "तेवढं थांब." एवढंसं बोलून ती घामाघूम झाली. पक्षी वाचवणाऱ्या एका संस्थेला फोन केला, तर ते कबुतरं घेत नव्हते.

सकाळी आई आंघोळीला गेली तशी मी तोंडाला ओढणी गुंडाळली आणि फरशी पुसायचा वायपर घेतला. पहिला फटका भिंतीला बसला. मादी उडाली नाही. तिनं पंखाचा असा तडाखा मनगटावर दिला की वायपर हातातून सुटला. माझं डोकं फिरलं, वायपर पुन्हा उचलला. पुढचा फटका तिच्या पंखावर बसला, त्यापुढचा मानेवर. मालिकेत एका वारात काम होतं, इथे होईना. ती पिल्लांवर पडून तडफडत राहिली आणि मी मारत राहिले. खरं सांगते, त्या मारण्यात मला सुख वाटत होतं. आईची एकेक धाप मी तिच्या अंगावर काढत होते. खालची पिल्लं, पिवळ्या केसांची, डोळेही न उघडलेली, चोची वर करून खायला मागत होती. त्यांना मी बादलीत बुडवलं आणि शांत होईपर्यंत हात वर काढला नाही.

वळले तर आई दारात उभी, केस ओले. बादलीकडे बघून ती आत गेली.

दुपारी बाल्कनीला जाळी बसली. आईचं बोलणं मात्र बंद झालं. दम लागतो म्हणून की राग म्हणून, मला कळत नव्हतं. मी भरवायचे, ती डोळे मिटून गिळायची. औषधं चालू राहिली, खोकला उतरत गेला. पावसाळा सरता सरता एका सकाळी ती एकटी खाली गेली आणि फुलं घेऊन जिना चढून आली. मी तिचं ताट वाढायला घेतलं, तेव्हा तिनं माझ्या हातातला डाव काढून घेतला.

"ती पण आईच होती गं, पोरांवर पंख पसरून बसलेली, आणि ज्या हातानं तू तिला मारलंस त्या हातचा घास माझ्या घशाखाली उतरत नाही, आता हातपाय चालतायत माझे, तेव्हा आजपासून माझं मी रांधून खाईन."

एवढं सगळं ती मध्ये कुठेही न थांबता बोलली. मला आधी त्याचाच आनंद झाला.