नकला तोंडाने, पायांनी नाही

मला नकलांची खोड शाळेपासून. पीटीच्या सरांचा आवाज काढून मी एकदा अख्खी आठवी मैदानात रांगेत उभी केली होती. नंतर तासभर त्याच मैदानात एकटा उभा होतो. आता नोकरीला लागलोय, खोड तीच. आमच्या बिल्डिंगचा वॉचमन, सेक्रेटरी, तिसऱ्या मजल्यावरून फोनशिवायच साताऱ्याला ऐकू जाईल असं बोलणाऱ्या काकू, सगळे माझ्याकडे तयार. गणपतीत माझा अर्ध्या तासाचा कार्यक्रमच असतो. माझी नक्कल मात्र कोणी करायचं नाही. गेल्या वर्षीपर्यंत.

गेल्या वर्षी मी आमच्याकडच्या हाफ मॅरेथॉनला नाव दिलं. एकवीस किलोमीटर. तयारी कडक होती, म्हणजे रोज सकाळी उठायचं आणि जीभ बाहेर येईपर्यंत पळायचं. घरी येऊन लादीवर आडवा झालो नाही तर त्या दिवशी पळालोच नाही असं वाटायचं. शर्यतीत सोळाव्या किलोमीटरला दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले आणि दमलेल्यांना गोळा करत येणाऱ्या टेंपोत मला चढवलं. टेंपो थांबला होता नेमका आमच्या नाक्यावर. तिथे आई उभी, सोबत बिल्डिंगच्या बायका. मी छातीवरचा नंबर काढून तोंडासमोर धरला. त्यावर माझं नाव ठळक छापलेलं होतं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आईने बाकीच्या बायकांना ते करून दाखवलं. एक पाय सोफ्यावर, हात गुडघ्याला, मान कलती, आणि टेंपोवाल्याला मरायला टेकलेल्या आवाजात, "थँक्यू हां, दादा." मी आतल्या खोलीत होतो. मला वाटायचं घरात कलाकार मी एकटा. ही नक्कल इतकी चालली की नंतर प्रत्येक वाढदिवसाला, बारशाला फर्माईश यायची. लोक माझ्या नकला विसरले. मी टेंपोवाला झालो. ही नक्कल मोडायची असेल तर एकच उपाय होता, पुढच्या वर्षी त्याच नाक्यावरून स्वतःच्या पायांनी जायचं.

उमेळ्याच्या रस्त्याला एक काका रोज पळतात. तिथलेच, वाडीवाले. वालीवच्या कारखान्यात फिटर होते, आता रिटायर. पळतात इतके हळू की मागून येणारी सायकल घंटी वाजवायच्या आधी विचार करते. दोन्ही हात खाली, जशा काही हातात भरलेल्या बादल्या आहेत. असा माल समोर असताना मी गप्प कसा बसणार? एक दिवस त्यांच्या मागे राहून बादल्या धरून पळायला लागलो.

काका मागे न बघता म्हणाले, "पुढे ये. चाल चोरतोस ती समोरून तरी बघ."

मी शरमलो. पण ते चिडले नव्हते. उलट त्यांनी विचारलं, या रस्त्यावर अजून कोणाकोणाची चाल येते? मी खुशीत सुरू झालो. ढांगा टाकणारा बँकवाला झाला, खांदे उडवणारा जिमवाला झाला, पायात स्प्रिंग असल्यासारखी पळणारी कॉलेजची मुलगी झाली. पाच जण करून दाखवले. काका पोट धरून हसले.

मग म्हणाले, "आता तुझी दाखव."

मी दोन पावलं टाकली, ती बँकवाल्याची निघाली. पुन्हा टाकली, जिमवाला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. शर्यतीत मी ज्याच्या मागे लागलो त्याच्यासारखा पळत होतो, त्याच्याच वेगाने. सोळा किलोमीटरमध्ये मी आठ-दहा जण पळालो असेन. गोळे येणार नाहीत तर काय.

काकांनी नियम सोपा केला. "नकला तोंडाने कर, पायांनी नको. बोलनं सरळ चाललंय तोवर वेग बरोबर. वाक्य तुटलं की मशीन तापली."

मग सुरू झालं आमचं ट्रेनिंग. आठवड्यातून चार दिवस पळायचं. त्यातला एकच दिवस जोरात, बाकीचे तीन असे हळू की मला लाज वाटायची. शुक्रवारी सक्तीची सुट्टी. रविवारी लांब, राजोडीच्या किनाऱ्यावरच्या सुरूंपर्यंत, आणि वाटभर मी नकला करायच्या. सेक्रेटरीचं वार्षिक सभेचं भाषण एका दमात झालं तर वेग ठीक. 'मेंटेनन्स' शब्दावर धाप लागली तर काका हाताने खाली दाबल्यासारखं करायचे. पाण्याच्या बाटलीसाठी थांबलो की म्हणायचे, "पानी घोटघोट पी, पाहुन्यासारखं." महिना-दीड महिना गेला आणि एका रविवारी राजोडीला पोहोचल्यावर लक्षात आलं, आज मी आडवा झालेलो नाही. उभा राहून काकूंची नक्कल करतोय आणि समोर मासे घेऊन निघालेली मावशी टोपली डोक्यावर धरून हसतेय.

शर्यतीच्या सकाळी सुरुवातीलाच पुढे एक पोपटी बुटांचा शिडशिडीत माणूस आला. माझे पाय लगेच त्याच्यासारखे पडायला लागले. मी पुटपुटायला घेतलं, "सभासदांना विनंती आहे की", आणि तिसऱ्याच शब्दाला धाप. सोडला त्याला. मग सगळे मला मागे टाकून गेले. नऊवारी नेसलेल्या एक आजीही गेल्या, जाताना "चला हो" म्हणून गेल्या. फार लागलं. पण सभा चालू ठेवली. सेक्रेटरी संपला, वॉचमन झाला, काकू झाल्या, चौदाव्या किलोमीटरला पीटीचे सर आले. शेजारी पळणारे माझ्यापासून जरा लांबून पळत होते.

सोळावा किलोमीटर. पोटऱ्या कुरकुरत होत्या, पण वाक्य अख्खं येत होतं. नाक्यावर आई, लिंबूपाणी, सगळ्या बायका. मागून टेंपोचा हॉर्न वाजला आणि आईचा चेहरा उतरला. गंमत करणारी बाई, पण ग्लास पुढे करायचंच विसरली. मला वाटायचं तिला मजा येते. तिला माझ्याइतकीच काळजी होती.

मी तिच्याच आवाजात ओरडलो, "गॅस बंद करून आलीस का गो?"

"मेल्या, पळ पुढे," आई म्हणाली आणि लिंबूपाणी स्वतःच पिऊन टाकलं.

आजी मला विसाव्या किलोमीटरला पुन्हा दिसल्या. मी "चला हो" म्हटलं. शेवटच्या रेषेला काका उभे होते. वेळ विचारलीच नाही. किती नकला झाल्या ते विचारलं. म्हटलं, सगळ्या, पीटीचे सर दोनदा.

संध्याकाळी बायका जमल्या, टेंपो टेंपो म्हणून मागे लागल्या. आईने पदर खोचला. मी डोळे मिटून घेतले. पण तिने सोफ्यावर पाय ठेवलाच नाही. हात बादल्या धरल्यासारखे खाली सोडले, ओठ भराभर हलवत, भुवया नाचवत, बडबडत बडबडत हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंत पळत गेली आणि परत आली. बायका लोळायच्या बाकी होत्या.

पळताना माझं तोंड असं दिसतं हे मला तेव्हा कळलं. चाल मात्र ओळखीची नव्हती. बँकवाल्याची नाही, जिमवाल्याची नाही. हात काकांचे होते, ते मान्य. बाकी सगळा मी.