माझा सिकाडा आणि वैशाली

गेल्या महिन्यात एका रविवारी, एका किड्यावरून मी माझी वीस वर्षांची मैत्रीण घालवणार होते. लिहायला लाज वाटतेय, पण लिहिते...

नेरुळला आमचा सात-आठ जणांचा ग्रुप आहे. रविवारी सकाळी खाडीकडे नाहीतर टेकडीवर जायचं, झाडं-पक्षी-किडे बघायचे, फोटो काढायचे आणि येताना कुठेतरी पोहे खायचे. वैशालीला या ग्रुपमध्ये मीच आणलं. तिची आई गेली होती, ती घराबाहेरच पडत नव्हती. मी उलव्याला तिच्या घरी जाऊन तिला अक्षरशः बूट घालायला लावले होते.

आता त्याच ग्रुपमध्ये काहीही दिसलं की सगळे म्हणतात, "वैशालीला विचारा." तिने पुस्तकं आणली, रात्रंदिवस वाचलं, आता तिला कोळी, फुलपाखरं, सगळं येतं. नवीन आलेले लोक मला विचारतात, "तुम्ही वैशालीताईंच्या मैत्रीण ना?" मी हसून हो म्हणते. हसताना गाल दुखतात.

तर त्या रविवारी टेकडीच्या पायथ्याशी, करंजाच्या खोडावर मला सिकाडा दिसला. मे महिन्यात भर उन्हात झाडावरून जो एकसारखा कर्कश आवाज येतो ना, तो याचा. आपण सरसकट रातकिडा म्हणून टाकतो, पण हा वेगळा... अंगठ्याएवढा, सालीच्याच रंगाचा, पंखांवर काळपट नक्षी. वैशाली त्या दिवशी आली नव्हती. खरं सांगते, मला बरं वाटलं.

माझ्या जुन्या फोनवर किडे ओळखायचं ॲप चालत नाही. म्हणून घरी येऊन फोटो व्हॉट्सॲपवरून लेकीच्या टॅबवर पाठवले आणि तिथून ॲपवर टाकले. ॲपने जागा विचारली. आधी वापरलेल्या जागांची यादी आली, त्यातल्या पहिल्या नावावर मी न बघताच बोट ठेवलं... घाई झाली होती.

नाव आलं, प्लॅटीप्लुरा कॅपिटाटा. नकाशा उघडला तर सगळे ठिपके दक्षिणेत आणि श्रीलंकेत. आपल्याकडे एकही नाही!

मी ॲपवरच्या नोंदीची लिंक टाकून ग्रुपवर लिहिलं, 'नवी मुंबईतली पहिली नोंद??' दोन प्रश्नचिन्हं नुसती दाखवायला होती. मला काहीही प्रश्न नव्हता.

मग टाळ्या, हार्ट, फुलं. ग्रुपमधले सगळ्यात ज्येष्ठ देशपांडे काका म्हणाले, "अभिनंदन! पेपरात द्या." एकीने लिहिलं, "वैशालीच्या पुढे गेलीस की गं!" तो मेसेज मी किती वेळा वाचला, विचारू नका. वैशालीने मात्र मेसेज बघितला आणि काहीच लिहिलं नाही. मी दर पाच मिनिटांनी ते तपासत होते... आणि मजेत होते.

दुपारी तिचा फोन आला.

"फोटो मस्त आलाय गं. पण लोकेशन बघितलंस का? कोची दाखवतंय."

दिवाळीत आम्ही केरळला गेलो होतो, तिथले फोटो याच टॅबवरून टाकले होते. व्हॉट्सॲपवरून गेलेल्या फोटोत जागेची माहिती राहत नाही. मी कोचीवर बोट ठेवलं आणि ॲपने बिचाऱ्याने कोचीजवळचा किडा सुचवला.

"आपल्याकडचा ऑक्टोगुटाटा असणार," ती सांगत होती. "त्याच कुळातला, दिसायलाही तसाच. पण तो देशात बऱ्याच ठिकाणी सापडतो. तुझ्या फोटोत मागचे पंख झाकलेत, म्हणून अगदी खात्रीने नाही सांगत..."

तिचं वाक्य संपायच्या आधी मला कळलं होतं, तिचं बरोबर आहे. आणि तरी मी म्हणाले, "तुला बघवलं नाही ना?"

तिच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता. मला वाटलं, संपलं. आता ती फोन ठेवणार आणि पुन्हा कधी करणार नाही.

"नाही बघवलं," ती म्हणाली. "सकाळपासून पोटात दुखतंय माझ्या. तासभर तुझी चूक शोधत बसले होते. सापडली तेव्हा इतका आनंद झाला ना... की मग स्वतःचीच भीती वाटली. म्हणून ग्रुपवर नाही टाकलं."

मी विचारलं, "तुझ्या कशाला पोटात दुखायला पाहिजे? तुला तर सगळं येतं."

"त्या करंजाजवळून मी शंभर वेळा गेलेय बाई. मला एकदाही दिसला नाही."

मी ग्रुपवर चूक कबूल केली. नोंदीतली कोची काढून नेरुळ टाकलं. देशपांडे काकांनी विचारलं, "म्हणजे पेपरात नको ना?" त्यावर सगळ्यात आधी हसणारा इमोजी वैशालीचा होता आणि दुसरा माझा.

माझा मत्सर गेला का? छे. परवाच तिने कसल्याशा दुर्मिळ कोळ्याचा फोटो टाकला आणि लाईक करायला माझा अंगठा उठेना. मग सरळ तिला फोन लावला. म्हटलं, "दुखतंय."

"किती?"

"बरंच."

"थांब, चहाला येते," ती म्हणाली आणि खरंच आली, उलव्याहून. बिस्किटांचा पुडा घेऊन.