बोलता न येणारी माणसं

अंबादास गेल्याचं मला उस्मानाबादच्या स्टँडवर लोहाऱ्याच्या गाडीच्या कंडक्टरनं सांगितलं. "ड्रॉइंगचे मास्तर गेले, सर... परवा." एवढंच. त्यानंतर तीन आठवड्यांनी पुण्याच्या एका साप्ताहिकात त्याच्यावर पानभर लेख आला. त्याच्या एकुलत्या एका चित्रपटात मराठवाड्याच्या मातीचा अस्सल स्वर होता, असं त्यात म्हटलंय. लेखाखालचं नाव वाचलं आणि माझं डोकं फिरलं. याच गृहस्थांनी सहा वर्षांपूर्वी परीक्षण लिहून तो चित्रपट मारला होता.

अंबादास तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या घरातला. लोहाऱ्याच्या शाळेत तो चित्रकला शिकवायचा, मी मराठी. निजामाच्या काळात आम्ही दोघंही उर्दूतून शिकलेले. मराठी राज्यात आलो तेव्हा आता आपल्या जिभेनं बोलायला मोकळे झालो, असं त्याला मनापासून वाटलं होतं. सोलापूरच्या एका फोटोग्राफर मित्राचा कॅमेरा आणून दोन उन्हाळी सुट्ट्यांत त्यानं 'साहेब येणार' केला. गोष्ट गमतीची. कलेक्टरच्या स्वागताची गावात तालीम चालते, त्यासाठी साहेबाच्या खुर्चीत एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला बसवतात. खरा साहेब काही येत नाही. पण लोक या म्हाताऱ्यालाच आपली गाऱ्हाणी सांगू लागतात, आणि तो ऐकत राहतो... तो म्हातारा म्हणजे माकणीचे गणपतअण्णा. जन्मात कधी नाटकातसुद्धा उभे न राहिलेले.

पुण्यात एकच खेळ झाला. परीक्षण आलं ते मी शाळेच्या व्हरांड्यात अण्णांना वाचून दाखवत होतो. एक वाक्य मी गाळलं. अंबादासच्या ते लक्षात आलं. सगळं वाच, म्हणाला. मी वाचलं. यातल्या पात्रांना बोलताच येत नाही, असं त्यात होतं. अण्णा म्हणाले, "मंग सत्तर वर्सं म्या काय करत हुतो, मास्तर?"

त्या एका परीक्षणानं वितरक मागं सरला. पुण्याच्या नटांकडून शुद्ध भाषेत आवाज भरून घ्या, तरच लावतो, असा त्याचा निरोप आला. आणि मी... मराठीचा मास्तर, मीही अंबादासला म्हणालो, भरून घे, निदान लोक बघतील तरी. त्यानं मलाच विचारलं,

"अण्णांच्या तोंडात दुसऱ्याची जीभ घालू? आणि हे त्यांना तू सांगशील?"

मी सांगू शकलो नाही. मग आमच्याकडच्या वाशीच्या बाजारात, माकणीच्या देवळापुढं त्यानं धोतराच्या पडद्यावर चित्रपट दाखवला. लोक पोट धरून हसले आणि शेवटाला अगदी चिडीचूप झाले. त्याबद्दल कुठंच काही छापून आलं नाही. रिळं पेटीत गेली. अंबादासनं पुन्हा कॅमेरा हातात धरला नाही.

आता तो गेल्यावर मातीचा स्वर! मेलेला माणूस उलटून बोलत नाही, म्हणून त्याची स्तुती करणं सोपं. त्या पानभर लेखात जुन्या परीक्षणाचा उल्लेख नाही. माझं चुकलं म्हणायला दोन ओळी लागल्या असत्या. अर्थात तेव्हा साप्ताहिकाला खरमरीत पत्र लिहायला मला तरी कुणी अडवलं होतं? तो राग कुणावर काढू...

गेल्या आठवड्यात बाजारच्या दिवशी लोहाऱ्याला अंबादासच्या घरी गेलो. वहिनी सांगत होत्या की साप्ताहिकानं रिळं मागितलीत, पुण्यात मोठा खेळ करायचाय म्हणे. वहिनींनी उत्तर पाठवलेलं नाही. फळीवर सात वह्या होत्या. चित्रपटानंतर अंबादास दर बाजारला कुणाला तरी ओट्यावर बसवून त्याचं बोलणं जसंच्या तसं उतरवून घ्यायचा. चित्रपटानंतर लगेच माझी उस्मानाबादला बदली झालेली, मला याचा पत्ताही नव्हता. त्या दिवशी ओट्यावर गणपतअण्णा होते. पाण्याच्या पाळीवरून झालेलं कुठलंसं जुनं भांडण रंगवून सांगत होते, आणि वहिनी आठव्या वहीत लिहीत होत्या. मी वाकून पाहिलं. सवयीनं एक शब्द सुधारून सांगितला.

वहिनींनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "भाऊजी, अण्णा म्हणाले तसंच लिहितेय मी."