तांब्याचा नगारा बघायला वाड्याला

भिवंडीहून वाड्याला जाणार असाल तर कंबरेला पट्टा बांधून निघा, रस्ता तसाच हाय. मी काय फिरायला गेलो नव्हतो. माझा थोरला भाऊ, आमचा दादूस, अर्धांगाने खाटेवर पडलाय. आमच्या राहनाळच्या देवळात चाळीस वर्षं त्याने नगारा वाजवला. परवा अडखळत बोलला, "एकदा तांब्याचा ऐकव."

तो तांब्याचा नगारा मीच मोडीत दिलेला. देवळाच्या कमिटीत होतो. तांबं घासायला कोण येईना, लोखंडी स्वस्तात मिळत होता. दादूस सांगत होता, लोखंड वरवर ओरडतं, तांबं आवाज पोटात धरतं नि मग सोडतं. मी म्हटलं, कातडं तेच ना, मग कसली नाटकं? लोखंडी आला तसा त्याने काठ्या खाली ठेवल्या, त्या परत उचलल्या नाय.

मुलीने मोबाईलवर वाड्याच्या अलीकडच्या एका दुकानाचा फोटो दाखवला. जुन्या वस्तू विकतात. त्यात आमचा नगारा, कडेला बापाने मारलेलं पितळेचं ठिगळ.

सकाळी शेअर रिक्षाने भिवंडी स्टँड, वीस रुपये. पुढे एसटी. पंचाहत्तरी झाली असेल तर तिकीट लागत नाय, आधारकार्ड ठेवा. अंबाडीला वडापाव खाल्ला, तेलकट. शेजारच्या बाईने विचारलं, एकटे कुठे निघालात? नगारा बघायला म्हटलं तर बोलली, "बाबा, या रस्त्याने घरी जाईपर्यंत तुमचीच हाडं वाजतील." बरोबर बोलली.

दुकान हायवेलाच, उतरून दोन मिनिटं. नगाऱ्यावर काच ठेवलेली, काचेवर फुलदाणी. दुकानदार म्हणाला, "काका, टी-टेबल आहे ते. एकदम अँटिक."

मी काच काढायला लावली. कातडं नव्हतंच. आत हात घातला तर बोटं सरळ फरशीला लागली. बूड कापलेलं. डुलत होता म्हणून कापलं, तो म्हणाला. मी बोटाने ठोकून बघितलं. तेलाच्या डब्यासारखा वाजला. भाव विचारला नाय. तसाच स्टॉपवर येऊन बसलो, एसटी तासाभराने आली.

घरी आलो तर दादूस जागाच.

"वाजला?"

वाजला, म्हटलं.

"कसा?"

"चांगला."

तो बोलला, "लोखंडी आणलास तवा पण 'चांगला' असंच बोललास तू." नि भिंतीकडे तोंड केलं.

मुलगी विचारते, एवढं जाऊन काय मिळालं? आता रोज आरतीला जाऊन नीट कान देतो. लोखंडी एकदा ठणकन वाजतो नि जागच्या जागी मरतो, एवढं कळायला लागलंय. चाळीस वर्षं मी दादूसच्या बाजूला उभा राहून झांज वाजवली. तांब्याचा कसा वाजायचा, ते मला आठवत नाय.