कोळशाच्या रंगाची भिंत

या, अशा जवळ सरकून बसा. आणि एक सांगते, राग मानू नका... तुम्ही पोरं-पोरी असल्या गोष्टी अंथरुणात पडून वाचता, मग झोप उडाली म्हणून सांगणाऱ्यालाच बोल लावता. ही भर दुपारची गोष्ट आहे, उजेडात वाचा.

आमच्या घरात भूतखेत कधी मानलं नाही. आम्ही बौद्ध. आमचे हे तर गावोगाव जाऊन सांगायचे, गेलेलं माणूस परत येत नसतं. वळसंगला एका बाईच्या अंगात आलं, तर ह्यांनी तिला पाणी पाजलं, दोन घास खायला घातले आणि घरी पोचवून आले. मीही तशीच.

शेवटच्या वर्षांत ह्यांची नजर गेली. आमचं सोलापुरातलं घर म्हणजे पुढची खोली, मग लांब पॅसेज, मग स्वयंपाकघर. दुपारच्या चहाला हे उजव्या भिंतीला तळहात लावून यायचे. मध्ये जुना लाकडी स्विचबोर्ड होता — तिथं हात वर उचलायचे, बोर्डावरून न्यायचे, पुन्हा खाली. भिंतीवर तेलकट पट्टा पडला होता. हे गेल्यावरही मी तो कुणाला पुसू दिला नाही.

मग सुमेधनं, माझ्या मुलानं, घर रंगवायला काढलं. सून प्रज्ञा म्हणाली, पॅसेज चारकोल ग्रे करू. मी म्हटलं, "अगं, कोळशाच्या वखारीत राहिल्यासारखं वाटंल की." पण तिची हौस. बोर्ड काढला, वायर आतून घेतली, पुट्टी भरली. पट्टा गेला.

पेंटर म्हणाला, "आजी, ह्यो मॅट रंग हाय. दिसाय लई भारी, पण हात लागला की उमटतोय. पुसाय गेलं तर आजून चमकतोय."

थोड्याच दिवसांत भिंतीवर तळहाताचे फिकट ठसे दिसायला लागले. प्रज्ञा मला म्हणाली, "आई, रंग आवडला नव्हता तर तसं सांगायचं की. असं कशाला?"

मी भिंत धरून चालतच नाही. पण तिला पटेना. तेव्हापासून कामापुरतं बोलणं. एकाच ओट्याशी दोघी, आणि शब्द नाही... लई जड जातं हो ते.

पेंटरकडून परत एक हात मारून घेतला. तो वाळल्यावर आम्ही तिघं माढ्याला लग्नाला गेलो. निघताना प्रज्ञानंच भिंत न्याहाळली, कुलूप लावलं, किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला परतलो. दारही तिनंच उघडलं.

ठसे होते. पुढच्या खोलीकडून स्वयंपाकघराकडे जाणारे. आणि मध्ये, कोऱ्या सपाट भिंतीवर, ते एका जागी वर चढले होते... थोडं पुढे जाऊन खाली उतरले होते.

प्रज्ञा त्या जागेपाशी गेली आणि हळूच म्हणाली, "आई, बोर्ड इथंच होता ना?"

"व्हय."

तिनं माझा हात धरला. सुमेध ओल आली असेल, पुट्टी फुगली असेल असं काहीबाही बोलत पेंटरला फोन लावत होता. ती म्हणाली, "राहू द्या ती भिंत." आणि चहा ठेवायला गेली. कप चार काढले, एक परत ठेवला.

मला अजून उलगडा नाही. हे आले म्हणावं, तर ह्यांचंच जन्मभराचं सांगणं खोटं पडतं — ह्यांना ते खपलं नसतं. नाही म्हणावं, तर नसलेला बोर्ड चुकवला कुणी?

तुमच्यात कुणी जाणकार असेल तर येऊन बघा. लवकर या, प्रज्ञा चहा चांगला करते. फक्त आत येताना उजव्या भिंतीला हात लावू नका.